मलाक्कात घरगुती न्योन्या जेवण: काय मागवावं?

तुम्ही विचारलंय की क्वालालंपूरहून एका दिवसासाठी मलाक्काला जाताय, तर न्योन्या जेवणात काय मागवावं आणि सोबतच्या शाकाहारी आईंची सोय कशी होईल. मी सहा वर्षं क्वालालंपूरला राहते आणि घरी पाहुणे आले की त्यांना मलाक्काला जेवायला नेतेच.

काही शतकांपूर्वी तिथे स्थायिक झालेल्या चिनी व्यापाऱ्यांनी स्थानिक बायकांशी लग्नं केली. त्यांचे वंशज ते पेरानाकान. त्यांच्यातले पुरुष बाबा, बायका न्योन्या. स्वयंपाक बायकांच्या हातचा, म्हणून नावही त्यांचंच.

मी जाते ते ठिकाण म्हणजे एका जुन्या घराची पुढची खोली. जेमतेम आठ टेबलं, सत्तरीतल्या आंटी आत आणि सून गल्ल्यावर. एकदा आंटींनी मला आत बोलावलं. छोटे कांदे, मिरच्या, हळद, गवती चहा आणि बलाचान, म्हणजे आंबवलेल्या बारीक कोळंबीची वडी, असं सगळं वाटण मंद आचेवर परतणं चालू होतं. या वाटणाला रेम्पाह म्हणतात. "पचाह मिन्याक होईपर्यंत काही घालायचं नाही," त्या म्हणाल्या. शब्दशः अर्थ तेल फुटणं. आपलं तेल सुटणं ते हेच! कडेला लाल तेल चमकायला लागलं आणि बलाचानचा उग्र दर्प जाऊन खमंग वास सुटला. गूळ किती, चिंच किती, असं विचारलं तर एकच उत्तर: "अगाक-अगाक". म्हणजे अंदाजाने. माझी आजीही तेवढंच सांगायची.

मांसाहारी असाल तर आयाम बुआह केलुआक चुकवू नका. केलुआक ही काळी, टणक बी. कच्ची विषारी असते, तिच्यात सायनाइड असतं. म्हणून ती उकडून आठवडेच्या आठवडे राखेत पुरून ठेवतात, मग पुन्हा काही दिवस पाण्यात भिजवतात. चिंचेच्या रश्शात कोंबडीबरोबर ती कवचासकट येते. लहान चमच्याने आतला काळा गर कोरायचा आणि भातात कालवायचा. पहिला घास कडवट लागतो, मग कारळ्याच्या चटणीसारखा तेलकट खमंगपणा जिभेवर रेंगाळतो. दोन बियांत माझा सगळा भात संपतो. तिखट कमी हवं असेल तर आयाम पोंगतेह घ्या: आंबवलेलं सोयाबीन, माडाचा गूळ, बटाटे. मुलांना हमखास आवडतं. आणि अननस घातलेली नारळाच्या दुधातली कोळंबी. चौघांत तीन पदार्थ आणि भात पुरे. इथे ताटं वेगवेगळी येत नाहीत, सगळे मधल्या वाडग्यांतून वाढून घेतात. बऱ्याच ठिकाणी डुकराचं मांस असतं, चालत नसेल तर आधीच विचारा.

आईंचं मात्र खरंच अवघड आहे. भाजी दिसायला नुसती भाजी असते, पण आत बलाचान किंवा सुकी कोळंबी असते. चाप चाय या मिश्र भाजीतही बहुधा कोळंबी असतेच. मागवतानाच "जांगान लेताक बलाचान, जांगान लेताक उडांग" म्हणा, म्हणजे बलाचान घालू नका, कोळंबी घालू नका. पण रेम्पाह आधीच वाटून ठेवलेलं असेल तर त्यातून काही काढता येत नाही. अशा वेळी साधा भात, लसूण घालून परतलेली पालेभाजी आणि अंडं चालत असेल तर ऑम्लेट सांगा.

गोडात त्यांची भरपाई होईल. ओंदे-ओंदे म्हणजे चिकट तांदळाच्या पिठाची हिरवी गोळी, बाहेर ओला नारळ, आत वितळलेला माडाचा गूळ. मोदक खाणाऱ्याला ते समजावून सांगावं लागत नाही. फक्त अख्खी तोंडात घालायला सांगा, अर्धी चावली की गूळ थेट साडीवर येतो.

शनिवार-रविवारी मलाक्कातल्या जोंकर या बाजाराच्या रस्त्यावर फार गर्दी होते, जमलं तर मधल्या वारी जा. आणि साडेबाराच्या आत पोचा. केलुआक रोज थोडंच शिजतं, दीडनंतर मला ते कधीच मिळालेलं नाही.