नॉर्मल, पण कुणासाठी?

परवा रात्री मुरबाडहून आलेल्या त्या गरोदर बाईच्या सासूने तुला दारातच गाठलं. "वाचंल ना ओ?" तू अपॅचीचा स्कोअर (आयसीयूतल्या पेशंटच्या जिवाचा धोका मोजणारा; गुण जास्त तितका धोका जास्त) आठवून "निम्मी शक्यता" म्हणालीस आणि मग जिन्यात जाऊन रडलीस. आज ती बाई उशीला टेकून पेज पितेय, आणि तू विचारतेस, चूक स्कोअरची की माझी?

अगं, तो स्कोअर तिच्यासाठी बनलेलाच नाही. अपॅची टू 1985 सालचा, सर्वसाधारण आयसीयूतल्या पेशंटवर बेतलेला. तिचेच आकडे मांड. किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन 0.5. गरोदरपणात किडनी जास्त रक्त गाळते, त्यामुळे हे अगदी ठीक, पण 0.6 च्या खाली गेलं की अपॅची 2 गुण लावतो. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा, 29, आणखी 2. नाडी 112, आणखी 2. यातलं आजाराचं किती आणि दिवस भरत आल्याचं किती? उलट तिला झालेल्या हेल्प सिंड्रोममध्ये (गरोदरपणातला आजार: तांबड्या पेशी फुटतात, लिव्हर बिघडतं, प्लेटलेट उतरतात) ज्यांच्यावर सगळी भिस्त, त्या प्लेटलेट आणि लिव्हरच्या तपासण्या त्यात नाहीतच. शिवाय बाळ-वार बाहेर आली की या आजाराचं मूळच निघतं. पहिले दोन-तीन दिवस धोका असतो, पण पुढे ही बाई ज्या वेगाने सावरते, तसा साठीतला सेप्सिसचा, म्हणजे जंतुसंसर्गाने अवयव बिघडलेला, पेशंट सावरत नाही. म्हणून आकडा हातात आला की आधी विचार: नॉर्मल, पण कुणासाठी?

हे मला कुणी शिकवलं नाही. 2009 ची स्वाइन फ्लूची साथ. बत्तिसाव्या आठवड्यातली बाई, दम लागलेला. रक्तातल्या गॅसच्या रिपोर्टमध्ये कार्बन डायऑक्साइड 40. मी केसपेपरवर माझ्या हाताने "नॉर्मल" लिहिलं. गरोदर बाईचा तो 30 च्या आसपास असतो. इतक्या जोरात श्वास घेऊनही 40 म्हणजे ती थकत चालली होती, आणि ते मला दिसलं नाही. पहाटे धावपळीत श्वासनलिकेत नळी घालावी लागली. आई घरी गेली, बाळ गेलं नाही. तो कागद मला अजून पाठ आहे.

तेव्हापासून लॅबच्या रिपोर्टवर छापलेल्या रेंजवर माझा विश्वास नाही. क्रिएटिनिन 1.1 ला ठळक अक्षर नसतं, पण गरोदर बाईत ती किडनीची तक्रार आहे. बाळंतपणानंतर रक्त जात असताना रक्त गोठवणारं फायब्रिनोजेन 200 आलं तर रिपोर्ट गप्प असतो. तू गप्प बसू नकोस, रक्तपेढीला फोन लाव. नॉर्मल, पण कुणासाठी? राऊंडला मी हे इतक्यांदा विचारते की तुम्ही पोरं कंटाळता. कंटाळा.

फुलपायर्स हा स्कोअर जरूर वापर. 2011 चं ते मॉडेल प्रीएक्लॅम्प्सियाच्या, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब वाढून अवयवांना त्रास होणाऱ्या, बायकांसाठीच बांधलंय: किती आठवडे, छातीत दुखणं किंवा दम, ऑक्सिजन, प्लेटलेट, क्रिएटिनिन, लिव्हर. पण ते पुढच्या 48 तासांतल्या गंभीर गुंतागुंतीचा अंदाज देतं, नुसत्या मरणाचा नव्हे. हा फरक नातेवाइकांसमोर विसरलीस तर मी रागावेन.

मी नातेवाइकांना टक्के सांगत नाही. बरोबरीचे म्हणतात, ही जबाबदारी टाळते. टाळत नाही. शंभर बायकांचा हिशेब एका सासूच्या पदरात टाकून मोकळं होणं, ते टाळणं. मी सांगते: आज रात्री कशाची भीती आहे, आम्ही काय बघतोय, आणि सकाळी सातला मी परत भेटेन. आणि भेटते. यात माझा हट्ट असेल, तर असू दे.

संध्याकाळी तिच्या प्लेटलेट परत पाठव. तासाला लघवी किती होते ते चार्टवर नको, पिशवीत बघ. आणि खाली जाऊन सासूबाईंना भेट. सकाळपासून त्या तुलाच शोधतायत.