रोजच्या राजकीय बातम्या आणि सोशल मीडियावरचा धार्मिक द्वेष, याला तुम्ही कसं तोंड देता?

तुम्ही लिहिलंय की सकाळी फोन हातात घेतला की डोकं भणभणतं, घरच्या ग्रुपवर सख्खे चुलतेच एका धर्माच्या नावानं मेसेज टाकतात, आणि भांडावं की ग्रुप सोडावा हे कळत नाही. मी अभ्यासक वगैरे नाही. लातूर जिल्ह्यात उदगीरला माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, सोळा वर्षं झाली. तरी लिहितोय, कारण या धंद्यात मला दोन्हीकडचे फोन बघायला मिळतात.

गिऱ्हाईक येतं ते बहुतेक एकच तक्रार घेऊन. "लई हँग करलालंय बघा." उघडावं तर मेमरी गच्च. सुप्रभातचे गुलाब, देवाचे फोटो किंवा जुम्मा मुबारक, लग्नाचे व्हिडिओ, आणि त्यांच्यात मिसळलेलं विष. विचारल्याशिवाय मी काही पुसत नाही, त्यामुळे समोर बसवून एकेक दाखवावं लागतं. एकदा एकाच दिवशी दोन फोन आले, एक आडत्याचा, एक फळगाडीवाल्याचा. दोन्हींत एकच व्हिडिओ होता. कुठल्यातरी बसस्टँडवर एकाला चौघे जण मारतायत. वरची ओळ तेवढी वेगळी. मार खाणारा माणूस दोन्ही फोनांत 'आपलाच' होता. खरा कुणाचा होता, देव जाणे. मागं उभ्या असलेल्या जीपची पासिंग महाराष्ट्राचीसुद्धा नव्हती.

तेव्हापासून मी व्हिडिओत माणसं आधी बघतच नाही. गाडीची नंबरप्लेट बघतो, दुकानाची पाटी कोणत्या लिपीत आहे ते बघतो. 'लातूरची घटना' म्हणून आलेल्या व्हिडिओत एमएच २४ची एकही गाडी नसेल तर पुढचं ऐकायची गरज पडत नाही. एखादं चित्र थांबवून गुगल लेन्सला दाखवलं की पुष्कळदा तेच चित्र चार-पाच वर्षांपूर्वीचं, भलत्याच गावाचं म्हणून सापडतं.

पण हे शहाणपण मला फुकट आलेलं नाही. २०१८च्या जूनमध्ये 'मुलं पळवणारी टोळी आली आहे' असा मेसेज सगळीकडे फिरत होता, तुम्हालाही आठवत असेल. माझी मुलगी तेव्हा तीन वर्षांची. मी तो मेसेज चार ग्रुपांवर टाकला. त्यात द्वेष नव्हता, काळजीच होती. १ जुलैला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला त्याच संशयावरून जमावानं पाच जणांना ठेचून मारलं. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी होते ते, भिक्षा मागत फिरणारे. असले लोक आमच्या गावातही येतात, आई त्यांना सुपातून जोंधळे वाढायची. मी टाकलेला मेसेज फिरत फिरत तिकडं गेला असेल असं मी म्हणत नाही. गेला नसेलच, असंही छातीठोकपणे सांगता येत नाही. त्या दिवशी रात्री मी चारही ग्रुपांवर जाऊन तो पुसायला गेलो तर वेळ टळून गेलेली. 'सर्वांसाठी पुसा' हे बटण ठरावीक वेळच चालतं.

इथं एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या प्रकरणात हिंदू-मुसलमान काही नव्हतं. लोक आधी घाबरलेले होते, कुणाला घाबरायचं ते मेसेजनं सांगितलं.

त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एका वेळी पाचच जणांना पुढं पाठवता येईल असं केलं. पुष्कळदा फिरलेल्या मेसेजवर २०१९पासून दोन बाणांची खूण येते, आणि २०२०पासून तो एका वेळी एकाच ठिकाणी जातो. चांगलं झालं. पण आमची मंडळी हुशार. व्हिडिओ गॅलरीत उतरवून घेतात आणि नव्यानं टाकतात, बाण गायब. मला दुकानात येऊन विचारतात, "भाऊ, ते बाण काढायचं काही असतंय का?" मी हात वर करतो.

फेसबुकचं तर अजब. २०१७मध्ये तिथं रागाच्या लाल चेहऱ्याला साध्या लाइकच्या पाचपट वजन दिलं, आणि पुढंही काही वर्षं ते लाइकपेक्षा जास्तच होतं. २०२१मध्ये कंपनीची आतली कागदं बाहेर आली तेव्हा हे जगाला कळलं. म्हणजे मी चिडून लाल चेहरा दाबायचो तेव्हा त्या पोस्टचा फुकट प्रचार करत होतो. खाली लांबलचक उत्तर लिहिणं हा त्याहून मोठा प्रचार. तेव्हापासून वाईट पोस्टला मी बोटच लावत नाही, शिवी द्यायलासुद्धा.

बातम्या पूर्ण बंद करा असा सल्ला बरेच जण देतील. मला तो परवडत नाही, आमच्या भागात कुणालाच परवडू नये. माझं सगळं गिऱ्हाईक सोयाबीनवर आहे. भाव पडला की लोक फुटक्या काचेवरच फोन चालवतात. २०२४च्या सप्टेंबरात केंद्रानं कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयातशुल्क २० टक्के केलं, आणि २०२५च्या मेअखेर १० वर आणलं. बाहेरचं तेल स्वस्त झालं की सोयाबीनचा भाव दबतो, मग सोयाबीनवाल्याच्या कामाची बातमी यापेक्षा कोणती? त्या आठवड्यात दुकानात आलेल्या एकाही फोनात मला ती दिसली नाही. देशात कुठं कुणी कुणाच्या सणात काय केलं ते मात्र सगळ्यांकडं होतं. म्हणून मी बातमी सोडली नाही, वाट बदलली. सकाळी आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्या, मग दुकान उघडताना कागदाचा पेपर. रात्रीच्या चर्चा बंद. फोनवर व्हॉट्सअ‍ॅपचं ऑटो डाउनलोड बंद, म्हणजे मी बोट लावल्याशिवाय काही उतरत नाही. यूट्यूबची जुनी वॉच हिस्टरी पुसून ती बंद केली की पहिलं पान कोरं राहतं, जे हवं ते स्वतः शोधावं लागतं. पहिले दोन-तीन दिवस हात वळवळतो. तंबाखू सोडल्यासारखं.

हे झालं यंत्राचं. माणसांचं जास्त अवघड आहे, आणि तिथं मला एका म्हाताऱ्या माणसाचा उपयोग झाला.

माझ्या गल्लीत उर्दू शाळेतून निवृत्त झालेले एक सर राहतात. सगळे त्यांना मास्तरसाब म्हणतात. दोन महिन्यांनी एकदा फोन रिकामा करायला येतात, "देख रे बाबा, फिर भर गया" म्हणत. आमची ओळख तेवढीच होती. मग एका सप्टेंबरात, मुक्तिसंग्राम दिनाच्या आसपास, त्यांचा फोन साफ करत होतो. १७ सप्टेंबर आला की माझ्या फोनात रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांच्या, अत्याचारांचे मेसेज सुरू होतात. ते खोटे नाहीत. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी आमच्या लातुरातच वकिली करायचा. माझी आजी सांगायची की १९४८च्या श्रावणात रझाकार येणार अशी हूल उठली आणि गावातल्या बायकापोरांनी रात्र उभ्या ज्वारीत काढली. मास्तरसाबांच्या फोनात मात्र वेगळंच होतं. पोलीस अ‍ॅक्शननंतर, म्हणजे १९४८च्या सप्टेंबरात भारतीय फौजेनं हैदराबाद संस्थान घेतल्यावर, मुसलमानांच्या ज्या कत्तली झाल्या त्यांचे मेसेज. मला वाटलं, हा खोटा प्रचार. मी तसं म्हणालोही. ते चिडले नाहीत. म्हणाले, त्यांचे थोरले चुलते त्या सप्टेंबरात घरातून गेले ते परत आलेच नाहीत.

नंतर मी वाचलं. नेहरूंच्या सरकारनं पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना चौकशीला पाठवलं होतं. त्यांनी मृतांचा आकडा हजारोंत दिला, आणि सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, नांदेडबरोबर बीदरचं नाव घातलं. उदगीर तेव्हा बीदर जिल्ह्यातच होतं. हिंदू शेजाऱ्यांनी मुसलमान कुटुंबांना वाचवल्याचंही त्याच अहवालात आहे. अहवाल कित्येक दशकं लोकांपुढं आलाच नाही. माझी आजी ज्वारीत लपली आणि मास्तरसाबांचे चुलते गेले, यात महिनाभराचंसुद्धा अंतर नसेल. तालुका एकच. पण माझ्या फोनात त्यांचे चुलते नाहीत आणि त्यांच्या फोनात माझी आजी नाही. आणि शोएबुल्ला खान तर दोघांच्याही फोनात नव्हते. 'इमरोज'चे संपादक. हैदराबाद संस्थान भारतात विलीन व्हावं असं लिहिलं म्हणून १९४८च्या ऑगस्टमध्ये रझाकारांनी त्यांना मारलं. त्यांचा मेसेज कोण कशाला पाठवेल? कुणाच्याच कामाचा नाही.

तुम्हाला एखादा उपाय हवा असेल तर माझ्याकडं हा एकच आहे. पलीकडच्या फोनातलं ज्याला विचारता येईल असं एक माणूस जवळ पाहिजे. मैत्रीच पाहिजे असं नाही, चहापुरती ओळख पुरते.

२०२३मध्ये मराठा आरक्षणासाठी आंतरवाली सराटीला झालेल्या उपोषणानंतर कुणबी नोंदी शोधायची धांदल उडाली. निजामाच्या काळातली कागदं, जमिनीच्या नोंदींची जुनी खासरा पत्रकं, पुष्कळशी उर्दूत. लोक त्यांचे फोटो घेऊन माझ्याकडं यायचे, मोबाइलमध्ये भाषांतर होतंय का म्हणून. छापील उर्दू एक वेळ होतं, त्या कारकुनांच्या घसरत्या हस्ताक्षरापुढं यंत्र काहीही बरळतं. मी मास्तरसाबांना बोलवायचो. जवळच्या खेड्यातला एक पोरगा आला, ज्याचं स्टेटस रोज जहरी असतं, मला चांगलं माहीत होतं. मास्तरसाबांनी काउंटरवर भिंग लावून अर्धा तास त्याच्या पणजोबाचं नाव शोधलं. "कुणबी लिखेला है, ये देख." पैसे घेतले नाहीत. पोरगा पाया पडला.

त्यानंतर तो सुधारला, असं म्हणालो तर खोटं होईल. आठ दिवस स्टेटस कोरं होतं, मग परत सुरू. फक्त एवढंच, मास्तरसाब दुकानात बसलेले असले की तो फोन खिशातून काढत नाही. याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा.

आता तुमचे चुलते. ग्रुपवर उत्तर देऊ नका. चारचौघांत चूक दाखवली की माणूस हट्टाला पेटतो, आणि वयानं मोठा असेल तर विचारूच नका. ग्रुप सोडू पण नका, लग्नाच्या तारखा आणि कोण दवाखान्यात आहे ते तिथंच कळतं. म्यूट करा. तुम्हीच अ‍ॅडमिन असाल आणि केस होईल म्हणून भीती वाटत असेल तर, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१मध्ये सांगितलंय की दुसऱ्यानं टाकलेल्या मजकुरासाठी नुसता अ‍ॅडमिन आहे म्हणून माणूस दोषी धरता येत नाही, त्यात त्याचं संगनमत असावं लागतं. ज्यानं टाकलं त्याच्यावर मात्र गुन्हा होऊ शकतो. चुलत्यांना हे प्रेमानं सांगायला हरकत नाही.

माझेही एक चुलते आहेत. मागच्या आठवड्यात त्यांनी एक भयंकर काहीतरी टाकलं. मी संध्याकाळी फोन लावला. "काका, ते सकाळचं कुठलं आहे हो?"

"कोणतं?"

मी वाचून दाखवलं. थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "आरं, म्या वाचलंच नाही ते. खालचा झेंडा बघितला अन् दिलं ढकलून." मग विचारलं, तुमच्याकडं आज सोयाबीन काय भावानं गेलं. पाऊण तास त्यावरच बोलत होते.