ग्वाल्हेरहून एका दिवसात मितावली, पडावली आणि बटेश्वर होतं का? क्रम काय ठेवावा?

होतं, पण मितावली सकाळीच उरका. तिथलं गोल चौसष्ट योगिनी मंदिर टेकडीवर आहे. शंभरेक पायऱ्या, सावली जवळजवळ नाही, आणि ऊन चढलं की दगड तापतो. (आत योगिनींच्या मूर्ती शोधू नका, देवकुळ्यांत, म्हणजे गाभाऱ्यासारख्या छोट्या खोल्यांत, आता शिवलिंगं आहेत.) मग पडावलीची गढी, तिथे मंडपाचं छत मान वर करून नीट पाहा. बटेश्वरला मात्र निदान दीड तास द्या. प्रतिहार राजघराण्याच्या काळातली सुमारे २०० लहान मंदिरं, बहुतेक ढिगारा होऊन पडलेली. पुरातत्त्व खात्याने २००५पासून तेच दगड जुळवून त्यांतली बरीच उभी केली. तिन्ही ठिकाणं मुरैना जिल्ह्यात, जवळजवळ आहेत. गाडी मात्र स्वतःची किंवा भाड्याची हवी, पाणी आणि डबा घरूनच न्या.