पिंजऱ्यावरची तिसरी चादर

"मॅडम, रात्री मध्येच पिंजऱ्यात धडाधड सुरू होतं. सगळं घर उठून बसतं." पाळीव पक्ष्यांच्या वागण्याबद्दल मी सल्ला देते, आणि पक्षी पाळणाऱ्यांकडून हे गाऱ्हाणं इतक्या वेळा ऐकलंय की पुढचं वाक्यही मला पाठ आहे: "दिवसभर तर अगदी शहाणा असतो हो!"

हे जोडपंही तेच घेऊन आलं होतं. त्यांचा पिकू म्हणजे दीड वर्षाचा कॉकाटिएल, डोक्यावर तुरा असलेला छोटा पोपट. सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी पिसं पडलेली, एका पंखाला खरचटलेलं. तो पंख आधी पक्ष्यांच्या डॉक्टरांना दाखवून या, असं मी सांगितलं. शरीराचं दुखणं असेल तर माझ्या गप्पांचा काही उपयोग नसतो.

डॉक्टरांनी बाकी सगळं ठीक असल्याचं सांगितलं, तेव्हा मी त्यांना एक वही घालायला लावली. फडफड होण्याआधी घरात काय झालं आणि झाल्यावर तुम्ही काय केलंत, एवढंच लिहायचं. पक्षी "असा का आहे" याच्या मागे मी लागत नाही. वागणं दोन घटनांच्या मधे सापडतं, यावर माझा जुना विश्वास आहे आणि त्याने मला क्वचितच दगा दिलाय.

आठवड्याने वही आली. "आधी" या रकान्यात पाण्याची मोटर, गाडीच्या दिव्याचा झोत, स्वयंपाकघरात पडलेलं झाकण. "नंतर"मध्ये मात्र रोज तेच: आणखी एक चादर टाकली.

"किती चादरी झाल्या आता?"

"तीन," ते म्हणाले. "प्रकाशाने जागा होतो असं वाटलं. पण हा तर वाढतच चाललाय."

मी त्यांना म्हटलं, आज रात्री त्याच तीन चादरी डोक्यावरून घेऊन दहा मिनिटं बसा. ताईंनी तेवढ्यात कधीतरी, न सांगता, एक ताट पाडायचं. ते हसले. पुढच्या भेटीत हसत नव्हते.

"दचकलो. आणि उठायचं कुठल्या बाजूला, तेच कळेना."

ताई हळूच म्हणाल्या, "म्हणजे त्याला घाबरवत आम्हीच होतो?"

याच वाक्याची मी वाट पाहत होते. मी आधीच सांगितलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती आणि चौथी चादर टाकली असती. त्या दिवशी माझ्याही एक गोष्ट नीट ध्यानात आली. घरच्यांना आवाज थांबवायचा असतो, पक्ष्याला भीती. दोघांची गाठ पडत नाही, म्हणून उपाय उलटे पडतात.

कॉकाटिएल हा थव्याने राहणारा, जमिनीवर दाणे टिपणारा पक्षी. दचकला की आधी उडायचं, हे त्याच्या अंगात मुरलेलं. मिट्ट काळोखात दांडी दिसत नाही, म्हणून तो गजांवर आपटतो. एक चादर वाईट नाही, बऱ्याच पक्ष्यांना तिचा आधार वाटतो. पण ती सुती आणि पातळ हवी, एक बाजू उघडी ठेवावी आणि खोलीत झिरोचा मंद दिवा असावा. घंटा, आरसा, झोके रात्रीपुरते बाहेर काढावेत. पिंजरा खिडकीपासून दूर आणि एका बाजूने भिंतीला लागून ठेवावा.

झोप दहा-बारा तासांची लागते, आणि रोज त्याच वेळी. आपण बाराला टीव्ही बंद करायचा आणि त्याने सहाला शांत असायचं, हा हिशोब जुळत नाही. दिवाणखान्यातला पिंजरा रात्री दुसऱ्या खोलीत हलवता आला तर उत्तमच.

फडफड झालीच तर धावत जाऊन बॅटरी तोंडावर मारू नये. आधी लांबूनच ओळखीच्या आवाजात बोलावं, मग मंद दिवा लावावा. तो दांडीवर बसला की पंख बघावेत. नवीन येणाऱ्या पिसात रक्त खेळत असतं. ते मोडलं तर बरंच रक्त जातं, अशा वेळी स्वच्छ कापडाने हलका दाब द्यावा आणि डॉक्टर गाठावा.

झोपवताना पक्ष्याने मारलेल्या हाका मात्र वेगळ्या. ती भीती नसते, "कुठे आहात?" एवढीच चौकशी असते. एकदा शीळ घालून उत्तर द्यावं आणि गप्प राहावं. प्रत्येक हाकेला धावलात, तर हाक मारण्याची नोकरीच लागते त्याला. हे दोन आवाज वेगळे ओळखता येणं म्हणजे निम्मं काम. ते कान तयार व्हायला या जोडप्याला तीन आठवडे लागले.

महिन्याभराने त्यांचा फोन आला. स्वर पुन्हा काळजीचा.

"मॅडम, फडफड थांबलीय. पण दिवा मंद केला की चोचीतून कर्र-कर्र असं काहीतरी येतंय. आजारी नाही ना?"

"चोच घासतोय," मी म्हटलं. "त्याला झोप येतेय. फोन ठेवा आता."