वडिलांची २००६ची मारुती ८०० आहे. दोन वर्षांत चाळीस हजार घातले, तरी काम निघतंच. ठेवू की काढून टाकू?

इंजिनाचं नंतर बघू. आधी ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट उचला.

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला एवढं कळलं: गाडी कोरेगावात उभी असते, क्लच, रेडिएटर, बॅटरी असं मिळून चाळीस हजार गेले, आता गॅरेजवाला म्हणतो खालचा पत्रा गेलाय, वेल्डिंगला अठरा हजार लागतील. आणि विकायला काढली तर चाळीसच्या वर कोणी बोलत नाही. म्हणजे गाडीच्या किमतीएवढे पैसे गाडीतच गेले, याची खंत. मीही ह्यातून गेलोय. माझी २००४ची ८००, एमएच ११, पांढरी, बिनएसीची. तीही वडिलांनीच घेतलेली. मी मेढ्याकडच्या शाळेत शिकवतो, साताऱ्याहून रोज जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर होतात, आणि पाऊस तिकडे कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको.

डॅशबोर्डच्या कप्प्यात एक वही आहे. वडिलांनी सुरू केलेली. पहिल्या पानावर त्यांच्या अक्षरात 'ऑइल, फिल्टर, चहा दोन' असा खर्च आहे, चहाच्या पैशांसकट. ते गेल्यावर मी ती पुढे चालू ठेवली. त्यामुळे आकडे अंदाजाने सांगत नाही. २०२० ते २०२४ या पाच वर्षांत दुरुस्ती, टायर आणि पासिंग मिळून ७१,४०० रुपये गेले. वर्षाला चौदा हजार, महिन्याला बाराशेच्या आत. पेट्रोल आणि विमा त्यात नाही. नवीन छोट्या गाडीसाठी चार लाखांचं कर्ज पाच वर्षांसाठी नऊ टक्क्यांनी काढलं तर हप्ताच आठ हजारांच्या वर बसतो. तेव्हा 'जुनी गाडी खाते' हे खरं असलं, तरी ती किती खाते हे लिहून ठेवल्याशिवाय कळत नाही. एका दमात गेलेले दहा हजार डोळ्यांत खुपतात, हप्ता मात्र बँकेतून गुपचूप जातो.

पण त्या ७१,४०० मधले नऊ हजार निव्वळ माझ्या आळसाचे. ते सांगतो, कारण तुमच्या चाळीस हजारांतही असे काही असणार.

२०२२च्या उन्हाळ्यात गावातल्या गर्दीत उभं असताना रेडिएटरचा पंखा सुरू होईना. मिस्त्री म्हणाले, "फॅनचा स्विच गेलाय. पाच-सहाशेचं काम, बसवू का?" मी म्हटलं पुढच्या महिन्यात बघू. तोवर रोज मेढ्याला जात होतो, तापमानाचा काटा मधल्या रेषेपलीकडे गेला नाही, म्हटलं चाललंय की. चालणारच. गाडी पळती असली की समोरून वारा लागतो, पंख्याचं काम वाराच करतो. मे महिन्यात पुण्याहून येताना खंबाटकी घाट लागला. तेव्हा पुण्याकडे जाताना बोगदा असायचा, येताना मात्र घाट चढावा लागायचा. पुढे उसाच्या मळीचा टँकर, त्याच्या पुढे कंटेनर, सगळे पहिल्या गिअरमध्ये. वारा नाही, पंखा नाही, दुपारचे दोन. तिसऱ्या वळणावर काटा लाल रेषेला टेकला. तिथेच थांबायला हवं होतं. मी म्हटलं, माथा जवळ आलाय. माथ्यावर पोचेतो बोनेटमधून वाफ आणि गोडसर वास, कूलंट उकळल्याचा. एका भल्या माणसाने बाटली पुढे केली, "ओता इंजिनावर." ओतलं नाही, तेवढं एक शहाणपण केलं. तापलेल्या धातूवर गार पाणी पडलं की हेडला तडा जाऊ शकतो.

आठशेचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. जास्त तापलं की हेड वाकतं आणि मधली गॅसकेट फुटते. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी ऑइलची डिपस्टिक काढून दाखवली. टोकाला दुधाच्या चहासारखा फेस. पाणी ऑइलमध्ये गेलेलं. हेड उतरवलं, लेथवर फेसिंग करून, म्हणजे घासून सपाट करून आणलं, गॅसकेट, कूलंट, ऑइल, मजुरी. त्या वर्षी वहीत १४,८५० पडले. त्यातले नऊ हजार फक्त त्या सहाशेच्या स्विचपायी.

त्याच वेळी मिस्त्री म्हणाले, "थर्मोस्टॅट काढून टाकतो, आपल्याकडं लागत नाय." आणखी एका गॅरेजमध्ये "फॅन डायरेक्ट करून देतो" असंही ऐकलं होतं. दोन्हीला नाही म्हणा. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. ती काढली की इंजिन नीट गरमच होत नाही, सकाळच्या वेळी तर मेढ्यापर्यंत थंडच राहतं आणि पेट्रोल जास्त पितं. फॅन डायरेक्ट म्हणजे चावी लावली की पंखा सुरू, मोटर लवकर झिजते. दोन्ही जुगाड मिस्त्रीचा वेळ वाचवतात, बिल आपल्याला येतं. माझे मिस्त्री तसे गुणी माणूस आहेत, पण आठशे दिसली की त्यांचा हात आपोआप थर्मोस्टॅटकडे जातो.

एवढं सांगून आता मुद्द्याचं. इंजिनामुळे ८०० कधी मरत नाही. ७९६ सीसी, तीन सिलेंडर, १९८३ पासून जानेवारी २०१४ पर्यंत हीच गाडी निघत होती आणि ओम्नीत हेच इंजिन २०१९ पर्यंत चाललं. त्यामुळे पार्ट आजही मिळतात, सकाळी सांगितलं तर संध्याकाळी हातात. क्लच प्लेट, वॉटर पंप, टायमिंग बेल्ट, लोअर आर्मचे बुश, सगळं. त्यातही ब्रेकचं आणि पाण्याचं काही असलं तर ओरिजिनलच घ्या. आरसा, हँडल, लाइटची काच डुप्लिकेट चालते. क्लच, रेडिएटर, बॅटरी यांवर घातलेले तुमचे चाळीस हजार बहुतांशी वाया गेलेले नाहीत. या गोष्टी झिजतात, एकदा बदलल्या की काही वर्षं बघायला नको.

पत्र्याचं तसं नाही. जीपला वेगळी चासी असते, बॉडी कुजली तरी खाली लोखंड उभं असतं. आठशेला पत्रा हीच चासी. सस्पेन्शन त्यालाच लटकलेलं, सीटचे आणि बेल्टचे बोल्ट त्यालाच. तो गेला की गाडी गेली.

माझ्या गाडीचं २०२४ मध्ये पासिंगच्या आधी कळलं. पावसाळा संपला तरी आत कुबट वास जाईना. मिस्त्रींनी मॅट उचलली, खालचा नमदा, म्हणजे जाड कापडाचा थर, बोटाने दाबला तर पाणी आलं. दिवाळी झालेली आणि पाणी जून-जुलैचं! कुठून येतं म्हणून बघितलं तर वायपरच्या खालच्या जाळीत जांभळाची आणि करंजाची पानं कुजून बसलेली. पाणी बाहेर जायची भोकं बंद, म्हणून ते सरळ आत. मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि फ्लोअरवर टोचत गेले. ठक, ठक, ठक, आणि मग आवाजच नाही. स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत. वाकून बघितलं तर खालची फरशी दिसली. "गुरुजी, ह्यो पत्रा न्हाय, पापड हाय," म्हणाले. मग दारांखालच्या सिलमधली, म्हणजे पोकळ पट्टीतली, भोकं तारेने मोकळी केली तर तिकडच्या रस्त्याची तांबडी माती वाटीभर निघाली. इतकी वर्षं मी बाहेरून धुऊन गाडी चकाचक ठेवत होतो.

माझं नशीब एवढंच, की भोक फ्लोअरच्या सपाट भागाला होतं. तेवढा तुकडा कापून नवीन पत्रा लावता येतो. त्या वर्षी टायर, पासिंग, पत्रा मिळून ३३,६५० गेले आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

तर तुम्ही एवढं करा. रविवारी गाडी उजेडात लावा, चारही मॅट उचला, जाड स्क्रूड्रायव्हर घ्या. फ्लोअर सपाट भागाला कुजलं असेल तर अठरा हजार देऊन काम करून घ्या, भाव थोडा चढा आहे, घासाघीस करा. मग बोनेट उघडून पुढच्या शॉकअपचं डोकं बॉडीत जिथे बसतं तिथे टोचा. गाडीखाली जाऊन लोअर आर्म, म्हणजे पुढचं चाक धरणारा दांडा, आणि मागचं सस्पेन्शन जिथे बॉडीला बसतं तिथे टोचा. सीट बेल्टचे बोल्ट बघा. यांपैकी एका ठिकाणी जरी स्क्रूड्रायव्हर आत गेला तर एक रुपया घालू नका. तिथे वेल्डिंग मारून वरून लांबी म्हणजे पुट्टी आणि रंग लावून देणारे खूप मिळतील, दिसायला छान दिसतं. खड्ड्यात चाक आपटलं की काय होईल ते मात्र कोणी सांगणार नाही.

कागदाचा खर्चही धरा. गावाकडे कुणी सांगतं, पंधरा वर्षं झालेली गाडी सरकार उचलून नेतं. ती भानगड दिल्ली आणि आजूबाजूची. आपल्याकडे फॉर्म २५ भरून, गाडी आरटीओला दाखवून दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवता येते. २०१९ मध्ये मी नोंदणीचे ६०० आणि पर्यावरण कराचे ३,००० भरले होते. एप्रिल २०२२ पासून फी ५,००० झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या चारचाकीला १०,००० केली. तुमची २००६ची, म्हणजे तुम्ही आता त्याच दारात उभे आहात. एचएसआरपी, म्हणजे नवी सुरक्षा नंबरपाटी, ७४५ अधिक जीएसटी, थर्ड पार्टी विमा जीएसटी धरून अडीच हजारांच्या आसपास. अठरा हजार पत्र्याला घालायच्या आधी हे सगळे पैसेही त्यात मिळवून बघा. मन तरीही हो म्हणत असेल तरच पुढे जा.

पेट्रोलचंही एक आहे. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. आपल्याच कारखान्यांच्या मळीतून आणि रसातून त्यातलं बरंच निघतं, त्यामुळे सातारा-सांगलीत त्याविरुद्ध बोलणं म्हणजे घरच्याच आमटीला नावं ठेवणं. पण आपल्या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. इथेनॉल जुनं रबर फुगवतं आणि हवेतली ओल ओढून घेतं. टाकीपासून इंजिनापर्यंतचे रबरी पाइप एकदा सगळे बदला, फार खर्च नाही. आणि गाडी महिना-महिना उभी ठेवत असाल तर ती सवय मोडा. लॉकडाउनमध्ये माझी उभी राहिली तेव्हा ब्रेक शू ड्रमला चिकटले, बॅटरी बसली आणि उंदरांनी वायरिंग खाल्लं. ११,४०० रुपये, एक किलोमीटरही न चालवता.

आणि मी स्वतः आता ही गाडी पुण्याला नेत नाही. एअरबॅग नाही, एबीएस नाही, हायवेवर ऐंशीच्या पुढे गेलं की कंटेनरच्या वाऱ्याने हलते. पुण्याला एसटीने जातो. मेढा, यवतेश्वर, फार तर वाई, एवढ्यात ती राणी आहे. तुम्हाला रोज हायवे असेल तर पत्रा कितीही चांगला निघो, माझं मत विकण्याकडे.

विकलीत तर फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून नाव बदलेपर्यंत पाठ सोडू नका, नाहीतर दुसऱ्याने केलेला अपघात तुमच्या दारात येतो. भंगारात द्यायची तर अधिकृत स्क्रॅप केंद्राला द्या, जमा केल्याचं प्रमाणपत्र घ्या आणि आरटीओत नोंदणी रद्द करा. नाक्यावरच्या भंगारवाल्याला दोन हजार जास्त मिळतात म्हणून देऊ नका, नंबर तुमच्या नावावर जिवंत राहतो.

आणि वेल्डिंगच करायचं ठरलं, तर त्या दिवशी तिथे स्वतः उभे राहा. वेल्डिंगआधी बॅटरीची तार काढायला लावा, तुमची एमपीएफआय, म्हणजे कॉम्प्युटरवर पेट्रोल सोडणारी आहे, म्हणून ईसीएमचा, म्हणजे त्या कॉम्प्युटरचा, सॉकेटही. आतला नमदा आणि सीट बाहेर काढलेत ना ते बघा, ठिणगी पडली की नमदा आतल्या आत धुमसत राहतो. नवा पत्रा बसला की दोन्ही बाजूंनी रेड ऑक्साइड आणि खालून अँटी-रस्ट कोटिंग मारून घ्या. आणि नवीन नमदा टाकायची घाई नको, एक पाऊस कोरड्या पत्र्यावर काढा. पाणी अजून कुठून येतंय ते तेवढ्यात दिसेल.