‘१०० टक्के नैसर्गिक’ गादीत फोम निघाला तर

प्रश्न : मार्चमध्ये पुण्यातल्या एका शोरूममधून ७८ बाय ६० इंचांची, ६ इंच जाडीची गादी ४६,५०० रुपयांना घेतली. माहितीपत्रकात आणि सेल्समनच्या व्हॉट्सॲप मेसेजमध्ये ‘१०० टक्के नैसर्गिक लॅटेक्स, पर्यावरणपूरक’ असं लिहिलंय. चार महिन्यांत मधोमध खळगा पडला. कव्हर धुवायला चेन उघडली, तर आतल्या खोळीची शिवण एका कोपऱ्यात उसवलेली दिसली. वरचे २ इंच छिद्रांचं लॅटेक्स आणि खालचे ४ इंच साधा फोम! दुकानदार म्हणतो, कव्हर उघडलं म्हणून वॉरंटी गेली, शिवाय बिलावर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ छापलेलं आहे. कंपनीनं फक्त एक ओइको-टेक्स प्रमाणपत्र पाठवलं. पैसे परत मिळतील का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : मिळू शकतात, पण आधी तुमच्या तक्रारीचा रोख बदला. ‘गादी बसली’ म्हणून भांडायला गेलात की वाद वॉरंटीच्या अटींत अडकतो : खळगा किती इंच, खालचा पलंग कसला, कव्हर कुणी उघडलं. तुमचं खरं म्हणणं वेगळं आहे. जे सांगून विकलं ते आत नाही. वर्णनाबरहुकूम माल देणं ही वस्तुविक्री कायदा, १९३० च्या कलम १५ प्रमाणे विक्रीतली गृहीत अटच आहे. मालाच्या दर्जाबद्दल किंवा घटकांबद्दल खोटं सांगणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. चेन उघडल्यानं फार तर वॉरंटीचा वाद होईल, पण त्यामुळे खोटं वर्णन खरं ठरत नाही. खळग्याचा उल्लेख तक्रारीत जरूर करा, पण दुसऱ्या क्रमांकावर.

बिलावरच्या त्या छापील ओळीला घाबरू नका. सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं हेच ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २(४७) मध्ये अनुचित प्रथा म्हणून नोंदलेलं आहे. माल परत घेऊन पैसे द्यायची मुदत बिलात दिली असेल तर ती, नसेल तर ३० दिवस. तुमची अडचण बिलाची आहे, पण निराळी. त्यावर नुसतं ‘मॅट्रेस ७८×६०×६’ असेल (बहुधा तसंच असतं), तर नैसर्गिक लॅटेक्सचा (म्हणजे रबराच्या झाडाच्या चिकाचा) दावा सिद्ध करायला माहितीपत्रक आणि तो मेसेज एवढंच उरतं. म्हणून आजच मेसेजचे स्क्रीनशॉट घ्या, त्यात नंबर आणि तारीख दिसली पाहिजे. मूळ चॅट मात्र फोनमधून पुसू नका. कंपनीच्या संकेतस्थळावरचं त्या गादीचं पानही तारखेसह जपून ठेवा, नोटीस पोचल्यावर अशी पानं बदललेली सापडतात. स्क्रीनशॉट दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडा, म्हणजे त्यावर हरकत यायला जागा राहत नाही.

आता गादीकडे वळू. उसवलेल्या कोपऱ्यात पट्टी उभी धरून दोन्ही थरांची जाडी दिसेल असे फोटो काढा. लॅटेक्स ज्या साच्यात तयार होतं त्यात बहुधा पिना असतात, त्यामुळे छिद्रं राहतात. छिद्रं नाहीत एवढ्यावरून ‘हे लॅटेक्स नाहीच’ असं ठासून लिहू नका, पण वजन मात्र बोलकं असतं. तुमच्या मापाच्या गादीचं घनफळ साधारण ०.४६ घनमीटर भरतं. नैसर्गिक लॅटेक्सची घनता घनमीटरला ६५ ते ९० किलोच्या आसपास असते, म्हणजे पूर्ण लॅटेक्सची गादी ३० ते ४० किलो भरायला हवी. २ इंच लॅटेक्स आणि ४ इंच साधा पीयू (पॉलीयुरेथेन) फोम असेल तर २० किलोच्या आगेमागे. रद्दीवाल्याच्या मोठ्या काट्यावर गादी ठेवा आणि काट्याचा आकडा फोटोत येऊ द्या. हा पुरावा फुकट आहे आणि प्रयोगशाळेच्या अहवालाआधीच समोरच्याला विचारात पाडतो.

तुकडा कापून जाळून बघू नका. इंटरनेटवर हा उद्योग फार सांगतात. त्यातला धूर वाईट आणि पुरावाही तुम्हीच बिघडवता. तपासणी लागलीच तर ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८ प्रमाणे जिल्हा ग्राहक आयोग स्वतः नमुना घेतो, सील करतो आणि प्रयोगशाळेला पाठवतो. अहवालाची मुदत ४५ दिवसांची आहे. तपासणीचं शुल्क आधी तक्रारदाराला भरावं लागतं, म्हणून तपासणीची मागणी तक्रारीत पर्यायी ठेवा. वरच्या २ इंचांतही कृत्रिम रबर मिसळलंय का, हे प्रयोगशाळेशिवाय कळत नाही. पण खालचा ४ इंच फोम डोळ्यांना दिसतो, आणि ‘१०० टक्के’ खोटं ठरवायला तेवढं पुरतं.

प्रमाणपत्राचं म्हणाल तर ओइको-टेक्स स्टँडर्ड १०० मध्ये हानिकारक रसायनांची तपासणी होते. माल नैसर्गिक आहे की कृत्रिम, याच्याशी त्याचा संबंध नाही, पीयू फोमलाही ते मिळू शकतं. लॅटेक्स ऑरगॅनिक असल्याचा दावा असेल तर गॉल्स आणि कापडासाठी गॉट्स हे प्रमाणपत्र मागा. त्यावर नाव कुणाचं, माल कोणता, मुदत कधीपर्यंत, हे पाहा. नाव कापड गिरणीचं किंवा कच्चं लॅटेक्स पुरवणाऱ्याचं असेल, तर तयार गादीबद्दल ते काहीच सांगत नाही.

नोटीस दुकान आणि कंपनी दोघांनाही पाठवा, स्पीड पोस्टानं, पोच घेऊन. १५ दिवसांची मुदत द्या. कायद्यानं नोटीस सक्तीची नाही, पण त्यात तीन प्रश्न नेमके विचारा : प्रत्येक थर कशाचा, घनता किती, आणि ‘१०० टक्के नैसर्गिक’ला आधार काय. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ऑक्टोबर २०२४ च्या ग्रीनवॉशिंगविषयक (पर्यावरणपूरक असल्याच्या दिशाभूल करणाऱ्या दाव्यांविषयीच्या) मार्गदर्शक तत्त्वांनुसार ‘पर्यावरणपूरक’सारख्या मोघम शब्दांना खुलासा आणि पुरावा लागतो, आणि ‘१०० टक्के नैसर्गिक’सारख्या दाव्यांना विश्वासार्ह प्रमाणपत्र, शास्त्रीय पुरावा किंवा त्रयस्थ पडताळणी. त्यांचा उल्लेख करा. उत्तर आलं नाही तर ते मौन आयोगापुढे तुमच्याच कामी येतं. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद करून ठेवा, पण पैसे वसूल करून देण्याची जागा जिल्हा ग्राहक आयोगच.

तक्रार पुणे जिल्हा आयोगात, कारण तुम्ही इथे राहता. कंपनी परराज्यातली असली तरी चालतं. ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन दाखल करता येते. तक्रारीच्या शुल्कासाठी मोजली जाते ती मालाला दिलेली किंमत, आणि ५ लाखांपर्यंत शुल्क शून्य. मुदत वादकारण (तक्रारीचं कारण) घडल्यापासून दोन वर्षं. वकील नेमलाच पाहिजे असं नाही. मसुद्याला मदत हवी असेल तर ग्राहक पंचायतीकडे जा, ती चळवळ १९७४ साली पुण्यातच सुरू झाली. मागणी आटोपशीर ठेवा : ४६,५०० रुपये व्याजासह, गादी त्यांच्या खर्चानं परत नेणं, मनस्ताप आणि तक्रारीचा खर्च. या किमतीच्या गादीवर पाच लाखांची नुकसानभरपाई मागितली की मूळ मागणीचंही वजन कमी होतं.

तोवर शक्य असेल तर त्या गादीवर झोपू नका. ती आडवी ठेवा आणि सुती चादरीनं झाका. प्लॅस्टिकमध्ये गच्च गुंडाळू नका, पावसाळ्यात ओल धरून बुरशी आली तर ‘तुम्हीच खराब केली’ म्हणायला त्यांना निमित्त मिळेल. आणि दुकानदार बदली गादी देतो म्हणाला, तर नव्या बिलावर प्रत्येक थराचं वर्णन लिहून घेतल्याशिवाय जुनी गादी घराबाहेर जाऊ देऊ नका.