फोर्टात एकट्या बाईने फिरण्यासारखं काही आहे का? विचित्र तर नाही दिसणार?

ताई, तुम्ही लिहिलंय की कामासाठी एका दिवसापुरत्या मुंबईला येताय, दुपारपासून मोकळ्या आहात, रात्रीची गाडी सीएसएमटीहूनच आहे, आणि मधल्या वेळात फोर्ट पायी फिरावं असं मनात आहे. पण एकटी बाई तिथे विचित्र दिसेल का, ही धाकधूक आहे. आधीच्या उत्तरांमध्ये गेटवे, ताज, कुलाबा कॉजवे अशी यादी आली आहे. यादी चुकीची नाही. पण ‘विचित्र दिसेल का’ या वाक्याला कुणी हातच लावलेला नाही आणि मला नेमकं तेच वाक्य लागलं, म्हणून लिहायला बसले.

नाही दिसणार. कामाच्या दिवशी फोर्टात जेवढ्या बायका एकट्या चालतात, तेवढ्या आमच्याकडे जत्रेतसुद्धा दिसत नाहीत. बँकेतल्या, कोर्टातल्या, विमा कंपन्यांतल्या, फायलींची पिशवी घेऊन निघालेल्या. तुमच्या खांद्याला पर्स असली की तुम्हीही त्यांच्यातल्याच एक.

माझं माहेर निपाणी, सासर कोल्हापूर. मुलीच्या एका कागदावर फोर्टातल्या एका कार्यालयाचा शिक्का हवा होता, म्हणून महालक्ष्मी एक्स्प्रेसने सकाळी सीएसएमटीला उतरले. खिडकीवर गेले तर सांगितलं, साहेब चारनंतर भेटतील. म्हणजे अख्खा दिवस हातात. डोंबिवलीच्या दादाला फोन केला, तर त्याने जे ऐकवलं ते आजही शब्दन् शब्द पाठ आहे. ‘लगेच लोकल पकड आणि घरी ये. तुझी वहिनी जेवायला थांबेल. एकटी बाई रस्त्याने हिंडताना बरी दिसते का? आणि फोर्टात आहे काय बघायला? सगळं इंग्रजांनी बांधलेलं आणि शेठ लोकांनी घेतलेलं. आपली माणसं तिथे पट्टेवाले म्हणून गेली, बाकी आपलं तिथे काही नाही.’

डोंबिवलीला जाऊन जेवून परत यायचं म्हणजे दिवस लोकलमध्येच गेला असता. मी नाही म्हटलं आणि स्टेशनाबाहेर पडले.

रस्ता ओलांडून महापालिकेच्या इमारतीच्या बाजूला गेलं की सीएसएमटी पूर्ण नजरेत येतं. तिथे उभ्या राहा आणि घाई करू नका. १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षं ही इमारत उभी राहत होती. घुमट, घड्याळ, वरचा पुतळा हे सगळे बघतात. तुम्ही खांबांच्या माथ्यावर आणि कमानींच्या पोटात बघा. दगडात पानं आहेत, पक्षी आहेत, माकडं आहेत. हे काम जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांच्या हातचं आहे. दर्शनी भिंतीवर जीआयपी रेल्वेशी, म्हणजे ज्या जुन्या कंपनीची पुढे मध्य रेल्वे झाली तिच्याशी, संबंधित मोठ्या लोकांचे कोरलेले चेहरे आहेत. त्यांत गोऱ्या साहेबांच्या बरोबरीने जमशेटजी जीजीभॉय आहेत आणि आपले नाना शंकरशेठ आहेत. मुरबाडचे नाना. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, तिच्यामागे ज्यांची खटपट होती ते नाना. दादा कितीतरी वर्षं याच स्टेशनात उतरून नोकरीला जात होता. मान वर करून त्या भिंतीकडे तो एकदाही बघत नसणार, नाहीतर ‘आपलं काही नाही’ असं म्हणाला नसता.

तिथून दादाभाई नौरोजी रोडने फाउंटनकडे, म्हणजे हुतात्मा चौकाकडे चालायचं. सावकाश पंधरा-वीस मिनिटं. या रस्त्याची गंमत अशी की इमारत कुणाचीही असो, कुठल्याही धाटणीची असो, तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींचा पट्टा सोडायचा, असा नियम केला होता. तो आजही कामाला येतो. बाहेर ऊन रणरणत होतं आणि मी बहुतेक रस्ता सावलीतून गेले. कमानींखाली घड्याळाचे पट्टे, मोबाइलची कव्हरं, बेल्ट, शर्टाचे ढीग. विक्रेते हाका मारतात, पण मागे लागत नाहीत. एका खांबाला टेकून एक वयस्कर गृहस्थ घड्याळ दुरुस्त करत होते, डोळ्याला भिंग लावलेलं. मी उभी राहून बघत होते. त्यांनी काम थांबवलं नाही आणि मला हटकलंही नाही. कुणी सोबत असतं तर ‘चल ना, काय बघतेस’ म्हणून मला ओढून नेलं असतं.

मग हुतात्मा चौक. इथे मला बराच वेळ लागला आणि तुम्हालाही तो द्यावा लागेल असं मला वाटतं.

फ्लोराचं कारंजं १८६४ चं. इंग्रजांच्या किल्ल्याची भिंत १८६० च्या दशकात पाडली, तिचा चर्चगेट नावाचा दरवाजा साधारण इथेच होता. लोक कारंज्याचा फोटो काढतात आणि पुढे जातात. शेजारीच शेतकरी आणि कामगार मशाल धरून उभे आहेत, ते हुतात्मा स्मारक. २१ नोव्हेंबर १९५५ ला याच चौकात संयुक्त महाराष्ट्रासाठी आलेल्या लोकांवर गोळ्या झाडल्या गेल्या. लढ्यातल्या हुतात्म्यांची यादी वाचा कधीतरी. सिताराम पवार आहेत, जोसेफ डेव्हिड पेजारकर आहेत, चिमणलाल शेठ आहेत. मुंबई सगळ्यांनी मिळून मागितली होती, हे त्या नावांवरूनच कळतं. आणि त्याच यादीत शेवटाकडे बेळगावची नावं येतात आणि ‘कमलाबाई मोहिते, निपाणी’ हे नाव येतं.

आमच्या घरात हे नाव लहानपणापासून ऐकलेलं. १७ जानेवारीला सीमाभागात हुतात्मा दिन पाळतात, वडील आम्हा दोघांना हात धरून न्यायचे. १ नोव्हेंबर १९५६ ला निपाणी म्हैसूर राज्यात गेली ती गेलीच. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, मुंबई मिळाली, आम्ही बाहेर राहिलो. म्हणजे ज्या चौकाबद्दल दादा मला ‘आपलं तिथे काही नाही’ म्हणत होता, तो चौक ज्या लढ्याचा, त्या लढ्यात आमच्या गावच्या एका बाईचा जीव गेलेला आहे. मला त्या दिवशी रडू आलं. भर दुपारी, बसगाड्या वळसा घालून जात होत्या, पार्सल पोचवणारी पोरं मोटारसायकलवर बसून पाव खात होती, आणि मी पदर डोळ्याला लावून उभी. कुणी थांबून ‘काय झालं बाई’ विचारलं नाही. फार बरं वाटलं. गावात रडायचं म्हटलं तरी आधी चार जणांना कारण सांगावं लागतं.

पुढे जेवण, आणि माझ्या दृष्टीने हीच त्या दिवसातली सगळ्यात मोठी गोष्ट. तोवर मी आयुष्यात हॉटेलात एकटी बसून जेवले नव्हते. आमच्याकडे एकटी बाई हॉटेलात शिरली की पोऱ्या आधी दाराकडे बघतो, मागून कोण येतंय म्हणून. मग ‘फॅमिली रूम तिकडे’ असं बोट दाखवतो आणि पडद्यामागच्या फळीवर नेऊन बसवतो. फाउंटनच्या मागच्या गल्लीत एक इराणी हॉटेल दिसलं. काळ्या लाकडाच्या खुर्च्या, संगमरवरी टेबलं. आत गेले, तर चहावाल्याने ‘बसा’ म्हणून हात केला, बस्स. खिमा-पाव, ब्रुन-मस्का म्हणजे लोणी लावलेला कडक पाव, आणि चहा सांगितला. जागा कमी, म्हणून माझ्याच टेबलावर समोरच्या बँकेतल्या दोघी येऊन बसल्या. विचारलं नाही, माफी मागितली नाही, बसल्या आणि त्यांच्या साहेबाबद्दल बोलायला लागल्या. मी ब्रुन तसाच चावायला घेतला, तेव्हा त्यातली एक म्हणाली, ‘तो चहात बुडवा, कडक असतो, टाळू सोलून निघेल.’ बुडवला. वरचा कडक पापुद्रा चहा पिऊन मऊ झाला, मस्का विरघळून कपात वर तवंग आला. ताई, गेटवे नाही बघितलात तरी चालेल, पण हे करा. पोट धरून उपाशी फिरू नका आणि पार्सल घेऊन बाकावरही खाऊ नका. टेबलावर बसून, पूर्ण वेळ घेऊन जेवा.

बाकीचं थोडक्यात. हॉर्निमन सर्कलच्या बागेत सावली आहे, बसायला बाक आहेत. समोर १८३३ चा टाउन हॉल, म्हणजे एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय. त्याच्या पायऱ्यांवर कॉलेजची मुलं-मुली तासन्‌तास बसलेली असतात, तुम्हीही बसा. आत नानांचा पुतळा आहे. मागे परत येऊन काळा घोडा. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून आहे, तिकीट नाही, चित्रातलं कळो न कळो, खुशाल आत जा. वस्तुसंग्रहालय मात्र या फेरीत ठेवू नका, त्याला स्वतंत्र दिवस लागतो. हायकोर्टाची इमारत बाहेरून तरी बघा. १९०८ च्या जुलैत लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा तिथे सुनावली गेली, आणि त्याच कोर्टाने पुढे १९५६ मध्ये त्या दालनाबाहेर त्यांचेच शब्द कोरलेली पाटी लावली. हायकोर्टाचे तेव्हाचे मुख्य न्यायाधीश छागला यांनी तिचं अनावरण केलं. जिथे शिक्षा दिली तिथेच मान द्यायला मोठं मन लागतं.

संध्याकाळी ओव्हल मैदानावर या. एका अंगाला राजाबाई टॉवर आणि हायकोर्ट, दुसऱ्या अंगाला गोल कोपऱ्यांच्या आर्ट डेको इमारती. या दोन्ही रांगा मिळून २०१८ मध्ये जागतिक वारशात गेल्या. मैदानात एकाच वेळी इतके क्रिकेटचे सामने चालतात की कुणाचा चेंडू कुणाच्या सामन्यात गेला कळत नाही, तरी भांडणं होत नाहीत. माझं शिक्क्याचं काम तोवर झालेलं होतं. मी तिथे अंधार पडेपर्यंत बसले.

आता, लोक ‘सोबत’ म्हणतात त्याबद्दल. मी याआधी दादाच्या कुटुंबाबरोबर हाच भाग बघितला होता. टॅक्सीतून गेटवे, तिथे सगळ्यांचा फोटो, मुलांना आइस्क्रीम, वहिनीच्या चपला लागत होत्या म्हणून परत. हुतात्मा चौक टॅक्सीच्या काचेतून गेला, तेव्हा दादा ड्रायव्हरशी भाड्यावरून बोलत होता. सोबत असली की बाई सोबतीचीच काळजी करत राहते. कोण दमलं, कोणाला भूक लागली, कोण कंटाळलं. शहर बघायचं राहून जातं. बायकांनी एकटं फिरू नये म्हणणारे आपल्या काळजीपोटी बोलतात, हे मला मान्य आहे. पण दादाची काळजी रात्रीच्या गाडीने मी एकटी कागद घेऊन येते तेव्हा नव्हती. ती फक्त मी स्वतःसाठी फिरणार म्हटल्यावर उगवली. कामासाठी बाई हजार मैल एकटी गेली तर ती हुशार, आणि काम नसताना एक मैल चालली तर विचित्र, हा न्याय मला पटलेला नाही आणि पटणारही नाही.

काही गोष्टी मात्र सांगायला हव्यात. मी हे सगळं कामाच्या दिवसाबद्दल लिहिलंय. रविवारी ऑफिसं बंद, गल्ल्या ओस पडतात. इमारती बघायला छान, पण पहिल्यांदाच एकट्या येत असाल तर तो दिवस टाळा. कामाच्या दिवशीही ऑफिसं सुटल्यावर आतल्या गल्ल्या लवकर रिकाम्या होतात, तेव्हा रात्री फाउंटन ते सीएसएमटी हा मोठा रस्ताच धरा. खरी अडचण सुरक्षिततेची नाही, स्वच्छतागृहाची आहे. सीएसएमटी आणि चर्चगेट ही दोन स्टेशनं आणि जिथे जेवाल ती जागा, एवढं डोक्यात ठेवून रस्ता आखा आणि पाणी पिणं मात्र कमी करू नका. जड बॅग तिकीट दाखवून स्टेशनच्या क्लोकरूममध्ये टाका. फुटपाथ कुठे ना कुठे खणलेला असतोच, मान वर करून बघायचं असेल तर आधी उभ्या राहा, चालता चालता नको. हायकोर्टात आत जायचं तर तपासणी आणि परवानगी आली, अर्ध्या दिवसात ते जमवू नका.

दादाशी हा वाद अजून मिटलेला नाही. आता माझी मुलगी परीक्षेसाठी मुंबईला निघालीय आणि तिला स्टेशनवरून घ्यायला येतो, ‘उगाच हिंडायला नको’ असा त्याचा कालच फोन आला. मी त्याला सांगितलंय, तिला घ्यायला येऊ नकोस, यायचंच असेल तर हुतात्मा चौकात ये आणि ती म्हणेल तेवढा वेळ तिच्याबरोबर उभा राहा. त्याने अजून हो म्हटलेलं नाही. हे उत्तर त्यालाही पाठवते आहे.